माळ्यावरच्या जुन्या रंगाच्या डब्यांचं काय करायचं? आमचा नवी मुंबईतला अनुभव

घर रिकामं करताना सगळ्यात जास्त डोक्याला ताप कशाने दिला असेल तर तो जुन्या रंगाच्या डब्यांनी. फर्निचर ओएलएक्सवर गेलं, पुस्तकं वाचनालयाने नेली, पण रंग कोणीच घेईना. नवी मुंबईत सध्या सिडकोच्या जुन्या बिल्डिंगी एकामागोमाग एक रिडेव्हलपमेंटला जातायत, म्हणजे माळे रिकामे करणारे माझ्यासारखे अजून बरेच असणार, आणि नेटवर शोधलं तर सगळं अमेरिकेतलंच निघतं, अमुक शनिवारी गाडीत घालून तमुक सेंटरला नेऊन द्या वगैरे. म्हणून इथे काय केलं ते लिहून ठेवतेय.

आमच्या सोसायटीचं पत्र आलं २०२४ च्या दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. ३१ जानेवारीपर्यंत फ्लॅट रिकामा करून चावी द्यायची, बिल्डर भाडं देणार, आत काही ठेवायचं नाही. म्हटलं अडीच-तीन महिने आहेत, आरामात होईल. मग माळा उघडला. माझे सासरे प्रत्येक रंगकामानंतर उरलेला डबा झाकण ठोकून वर ठेवायचे, टचअपला लागेल म्हणून, आणि ते गेल्यावर आम्ही दोनदा रंग काढला तेव्हा आम्हीही तेच केलं. वीस लिटरची बादली, त्यात तळाला चार-पाच लिटर प्लास्टिक पेंट, चार लिटरचे डबे, डिस्टेंपर, ग्रिलचा ऑइल पेंट, रेड ऑक्साइड, दाराचं पॉलिश, शेड बनवायला रंगात मिसळतात त्या स्टेनरच्या चिमुकल्या बाटल्या. आणि एका सरबताच्या बाटलीत थिनर, दिसायला अगदी पाणी! ती बघून पोटात गोळाच आला, कारण आमच्याकडे भाचरं येऊन-जाऊन असतात. पहिलं काम ते केलं, मार्करने मोठ्या अक्षरात ‘थिनर – विष’ लिहून ती बाटली कपाटावर ठेवली. तुमच्याकडे असं काही असेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी तेवढं करून या.

पॅकर्सचा माणूस सर्व्हेला आला तेव्हा त्याने आल्या आल्या सांगितलं की भरलेला सिलेंडर, थिनर, रंग आम्ही टेम्पोत घेत नाही, पेटलं तर सगळं सामान जाईल. नवरा म्हणाला मग कल्याणला ताईकडे देऊ, त्यांच्या घराचं काम चालूच आहे, मी ठाण्यावरून लोकलने नेतो दोन-दोन डबे. ऑइल पेंट आणि थिनर लोकलने न्यायचा विचारसुद्धा करू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली ज्वलनशील वस्तू नेणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी साडेसहाच्या गर्दीत झाकण निघालं तर?

सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर सल्ल्यांचा पाऊस. बाथरूममध्ये ओतून वरून पाणी सोडा. रात्री कचराकुंडीजवळ ठेवून या, सकाळपर्यंत गायब. पावसाळी गटारात टाका, तिथे कोण बघतंय. आता नवी मुंबईत राहणाऱ्याने हे तिसरं तरी बोलू नये असं मला वाटतं. आपल्याकडे पावसाच्या पाण्याची लाइन वेगळी आहे, ते पाणी नाल्यातून, धारण तलावातून थेट खाडीत जातं, मध्ये कुठेही ते साफ होत नाही. ज्या खाडीतले फ्लेमिंगो बघायला आपण पाहुण्यांना नेतो, तीच ठाणे खाडी, २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. बाथरूममधून ओतलेलं मलनिस्सारण केंद्रात जातं खरं, पण तिथे मैला खाणारे जिवाणू काम करतात, थिनर आणि ऑइल पेंट त्यांनाच मारतो. शिवाय थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, चेंबरमध्ये साचून राहते, आणि कोणीतरी बिडी पेटवून झाकण उघडतं. कुंडीजवळचे डबे गायब होतात म्हणजे काय होतं, तर कचरा वेचणारं कोणीतरी पत्र्यासाठी डबा उचलतं आणि रंग तिथेच उपडा करतं.

एक शनिवार मोडला आणि सगळे डबे गच्चीवर नेले. घरात उघडू नका, आणि कोविडमधले मास्क धुळीसाठी ठीक आहेत पण थिनरच्या वासाला त्यांचा काही उपयोग नाही, त्याला मोकळी हवा हाच उपाय. हातमोजे, जुना स्क्रूड्रायव्हर, वहीपेन. झाकण एकाच जागी जोर लावून उचकटलं की वाकतं आणि परत बसत नाही, कडेने फिरत फिरत थोडं थोडं उचलायचं. प्रत्येक डब्याचं वहीत लिहिलं: कुठला रंग, पाण्याचा की तेलाचा, अंदाजे किती, वापरण्यासारखा आहे का. हे कंटाळवाणं वाटतं पण पुढे सगळं याच वहीवर चाललं. कारण नुसतं ‘पेंट आहे’ म्हटलं की समोरचा माणूस नाहीच म्हणतो, आणि ‘अर्धा लिटर ऑइल पेंट, डबा बंद’ म्हटलं की तो विचार करायला लागतो.

पाण्याचा की तेलाचा हे लेबलवर असतं, पातळ करायला पाणी लिहिलंय की टर्पेंटाइन ते बघा. लेबल गेलं असेल तर काडी बुडवून पाण्याच्या ग्लासात ढवळा (ग्लास नंतर टाकून द्यायचा). पाणी दुधट झालं तर प्लास्टिक पेंट किंवा डिस्टेंपर, थेंब तसेच वर तरंगत राहिले तर ऑइल पेंट. ऑइल पेंटवर जाड साय धरलेली असते, चामड्यासारखी, खाली बऱ्याचदा रंग अजून चांगला असतो. प्लास्टिक पेंट नासला की वासच सांगतो, सडक्या अंड्यासारखा, तो परत वापरात येत नाही.

आणि तारीख बघा. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग) जास्त चालत नाही आणि डब्यावर तसं छापावं लागतं. त्याच्या आधीचे डबे, त्यातही पिवळा, केशरी, लाल ऑइल पेंट, त्यात शिसं भरपूर असू शकतं. सासऱ्यांनी गॅलरीच्या ग्रिलसाठी आणलेला पिवळाधमक ऑइल पेंट निघाला, त्याला मी सरळ घातक कचरा धरलं. तसले डबे खरवडत, घासत बसू नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

पुढचा सोपा भाग म्हणजे वापरण्यासारखा रंग. दुकानदाराकडे गेले होते, तो म्हणाला शेड बनवलेला डबा परत घेत नाही, सील न तोडलेला पांढरा प्रायमर असेल तर बघतो, आणि खरंच एक घेतला, पैसे नाही दिले पण त्याबदल्यात दोन ब्रश दिले. एरवी असा रंग सोसायटीच्या जिन्याला, वॉचमनच्या केबिनला लावून संपवता आला असता, पण आमची बिल्डिंगच पाडायची, तिला कशाला रंग! शेवटी आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, ताई माझ्या दिघ्याच्या घराला लावते, रंग कसला का असेना. मग चांगला निघालेला सगळा प्लास्टिक पेंट बादलीत एकत्र केला. नियम एकच, प्लास्टिक पेंट प्लास्टिक पेंटमध्येच, त्यात डिस्टेंपर नको आणि ऑइल पेंट तर अजिबात नको. सासूबाईंची जुनी नायलॉनची साडी बादलीच्या तोंडाला दोरीने बांधली आणि त्यातून गाळला, चोथा आणि सुकलेल्या पापड्या साडीवर राहिल्या, खाली जो रंग उतरला तो मारी बिस्किटाच्या शेडचा. पुठ्ठ्यावर एक हात मारून वाळवून दाखवला, मावशींना पसंत पडला. रिक्षाचे दोनशे दिले आणि बादली रवाना.

नासलेला प्लास्टिक पेंट आणि डिस्टेंपर वाळवायचं ठरवलं. पाण्याच्या रंगाचं पाणी उडालं की उरतो तो कडक पापुद्रा, तो ओला असताना जितका त्रास देतो तितका सुकल्यावर देत नाही. लाकडाच्या वखारीतून भुसा आणला, पोत्याला साठ रुपये. गच्चीवर जाड प्लास्टिक अंथरलं, त्यावर भुसा, त्यावर रंग, परत भुसा, आणि फावड्याने कालवलं. थर पातळ ठेवा, बोटभर पुरे. मी एका कोपऱ्यात जाड थर करून बघितला तर तो वरून कडक आणि आठवड्यानेही आत चिखल. पातळ थर डिसेंबरच्या उन्हात दोन-तीन दिवसांत खडखडीत झाला. हे काम पावसाळ्यात जमणार नाही, तेव्हा तारखा हातात असतील तर नोव्हेंबर ते मे मध्येच करा. भुसा नसेल तर रेती चालते, रद्दी पेपरही चालतात, पण पेपर फार लागतात. सेक्रेटरी काकांनी विचारलं थोडं सिमेंट टाकलं तर? पाण्याच्या रंगात ते चालतं, घट्ट गोळा होतो, फक्त वजन वाढतं आणि मग पोतं चौथ्या मजल्यावरून उतरवायचं कोणी. वाळलेलं खुरप्याने फोडून पोत्यात भरलं आणि घंटागाडीच्या मुकादमाला आधी उघडून दाखवलं, ओलं नाहीये हे त्याने हाताने दाबून बघितलं, मग सुक्या कचऱ्यात घेतलं. न विचारता पिशवी बांधून देऊ नका, त्यांना आत काय आहे ते कळायला हवं.

रिकामे डबे झाकण न लावता उन्हात ठेवून आतून वाळवले. भंगारवाल्याने लोखंडी डबे घेतले, रंग लागलाय म्हणून भाव पाडलाच, सगळे मिळून नव्वद रुपये आले. वीस लिटरच्या बादल्यांना मात्र मागणी जबरदस्त, झाडं लावायला तीन लोक आले. त्यात पिण्याचं पाणी किंवा धान्य भरू नका एवढं सांगून दिल्या.

आता ऑइल पेंट, थिनर, रेड ऑक्साइड आणि पॉलिश. यांना भुशात वाळवत बसायचं नाही, ते वाळताना जे उडतं तेच तर घातक, आणि ते पेटतंही. जवसाचं तेल किंवा तेलाचं पॉलिश लागलेली फडकी चुरगाळून ढिगात ठेवली तर आपोआप गरम होऊन पेट घेऊ शकतात, हे मला आमच्या पेंटरने सांगितलं आणि तो खोटं बोलत नव्हता. फडकी दोरीवर एकेक पसरून वाळवायची किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या डब्यात ठेवायची.

शेजारचे काका रबाळ्याच्या एका कंपनीत सेफ्टी बघायचे, आता रिटायर. त्यांना म्हटलं तुमच्या कंपनीतून जाईल का, तुमचा असा कचरा कुठेतरी जातच असेल ना. ते म्हणाले, ‘अगं जातो, महापे आणि तळोजा दोन्हीकडे त्याची सोय आहे, जाळण्याची भट्टी आहे, लँडफिल आहे. पण कंपनीला प्रदूषण बोर्डाची परवानगी असते, ड्रमवर लेबल असतं, गाडीबरोबर फॉर्म दहाचं मॅनिफेस्ट जातं, किती किलो कुठून निघालं आणि कुठे पोचलं सगळं नोंदलेलं. तुझा डबा मी त्यात कोणत्या नावाने घालू?’ पटलं. तरी खात्री म्हणून सीबीडी बेलापूरला रायगड भवनमध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑफिसात जाऊन आले. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तेच सांगितलं, कारखान्यांचा घातक कचरा आमच्याकडे, घरातला महापालिकेकडे.

घरी येऊन तेव्हा लागू असलेले घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ काढून वाचले. त्यात घरगुती घातक कचऱ्याच्या व्याख्येत पहिलंच नाव रंगाच्या टाकून दिलेल्या डब्यांचं होतं, मग कीटकनाशकाचे डबे, सीएफएल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, पाऱ्याचे थर्मामीटर, बॅटऱ्या, सुया. आपण तो ओल्या-सुक्यापासून वेगळा ठेवायचा आणि पालिकेने दर वीस चौरस किलोमीटरला एक केंद्र करून तो घ्यायचा, असं त्यात होतं. ते पान प्रिंट काढून वहीत ठेवलं. भांडायला नाही, पण कागद समोर असला की बोलणं लवकर मुद्द्यावर येतं.

नोव्हेंबरात काहीच हाललं नाही, २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं आणि पालिकेचं अर्धं ऑफिस इलेक्शन ड्युटीवर. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात महापालिकेच्या विभाग कार्यालयात गेले. स्वच्छता निरीक्षक राउंडवर असतात, सकाळी लवकर किंवा दुपारी जेवणानंतर भेटतात, मधल्या वेळात जाऊन बाकावर बसण्यात अर्थ नाही. ते म्हणाले, मॅडम, घरातून आमच्याकडे बल्ब येतात, औषधं येतात, रंग कोणी आणून देत नाही, तुम्ही असं करा, सोसायटीच्या लेटरहेडवर द्या, एका फ्लॅटसाठी गाडी सांगता येत नाही. हे मला एकदम बरोबर वाटलं. इतके दिवस मी माझ्या डब्यांचा विचार करत होते, आणि अख्ख्या बिल्डिंगीत प्रत्येक माळ्यावर तेच होतं.

मग ग्रुपवर टाकलं. आधी ज्यांनी गटाराचा सल्ला दिला होता तेच पहिले डबे घेऊन आले! एकीच्या घरी स्प्रे पेंटचे कॅन निघाले, त्यांना भोक पाडू नका, दाब असतो आत, तसेच द्या. एकाकडे किलकिल्या झाकणाचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर होता, तो पिशवीत गुंडाळून नाही तर पत्र्याच्या डब्यात उभा ठेवला. सेक्रेटरी काकांचं म्हणणं सगळं मीटर रूममध्ये ठेवू, कुलूप आहे. मीटर रूममध्ये थिनर, कल्पना करा. खूप बोलणं झालं आणि शेवटी पार्किंगच्या मागच्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवलं, वर ‘ज्वलनशील, बिडी-सिगारेट नको’ अशी पाटी. काका बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत, मग संक्रांतीला तिळगूळ घेऊन आले.

थिनरबद्दल एक उपयोगी गोष्ट. ब्रश धुतलेला गढूळ थिनर काचेच्या बरणीत झाकण लावून ठेवा, आठवडाभर हलवू नका, रंग खाली बसतो आणि वरचा स्वच्छ थिनर हलकेच ओतून परत वापरता येतो. आमच्या पेंटरने असा दीड लिटर आनंदाने नेला, घातक म्हणून द्यायचा राहिला फक्त तळाचा गाळ.

यादीसकट अर्ज ३० डिसेंबरला दिला. दोन प्रती घेऊन जा, एकीवर आवक शिक्का आणि तारीख मारून घ्या, पुढे फोनवर तो आवक नंबर सांगितला की फाइल सापडते. दर आठवड्याला एक फोन, चिडायचं नाही, निरीक्षकांचं नाव लक्षात ठेवायचं. मधल्या काळात रात्री झोप लागायची नाही, ३१ तारीख जवळ येत होती आणि हे डबे आमच्याच गळ्यात पडणार असं वाटायचं. २१ जानेवारीला फोन आला, उद्या सकाळी साडेसातला गाडी. डबे उभे खोक्यात, मधल्या फटीत भुसा, प्रत्येकावर चिकटपट्टीने नाव, झाकणं हातोडीने नीट बसवलेली. गाडीवरच्या दोघांनी यादी बघून एकेक खोकं उचललं, गाडीतल्या घातक कचऱ्याच्या कप्प्यात ठेवलं, एकाने विचारलं हे सांडणार नाही ना, उलटं करून दाखवू का म्हटलं तर हसला. फी काही नाही. माझा एकूण खर्च भुसा, मोजे, प्रिंट, रिक्षा धरून सातशेच्या आत गेला, त्यातले नव्वद भंगाराचे परत.

अर्जाचा मजकूर खाली देते, तुमच्या विभागाचं नाव घालून तसाच वापरा, मोठं काही लिहू नका, यादी महत्त्वाची.

प्रति, सहाय्यक आयुक्त तथा विभाग अधिकारी, (विभाग).
विषय: सोसायटीतील घरगुती घातक कचरा (जुने रंग व थिनर) उचलण्याबाबत.
महोदय, आमच्या सोसायटीतील सदनिकांमध्ये साठलेले जुने ऑइल पेंट, थिनर व पॉलिश एकत्र जमा करून वेगळे ठेवले आहेत. पाण्याचे रंग यात नाहीत. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार हा घरगुती घातक कचरा असल्याने तो स्वतंत्रपणे उचलण्यासाठी वाहन व दिनांक कळवावा. सर्व डबे बंद असून त्यांवर नावे लिहिली आहेत. प्रकार, संख्या व अंदाजे लिटर यांची यादी सोबत जोडली आहे. आमची इमारत पुनर्विकासासाठी अमुक तारखेला रिकामी होत आहे, तरी त्यापूर्वी कार्यवाही व्हावी ही विनंती.
सेक्रेटरीची सही, शिक्का, आणि सकाळी सातला फोन उचलेल अशा माणसाचा नंबर.